आमच्या कॅसेटमधली डरकाळी

आमच्या बँडची पहिली कॅसेट ही शेवटचीही ठरली. तिची फारतर शंभरेक माणसांनी दखल घेतली असेल आणि त्यातल्या निम्म्यांनी ती हळदीची गाणी म्हणून घेतली. त्या कॅसेटमध्ये पाचव्या गाण्याच्या मधोमध एक डरकाळी आहे. ती तिथे घालण्याचं काम मी एकट्याने केलं आणि त्याचा आळ दुसऱ्यावर जाऊ दिला. मी मुळात कमी बोलणारा. ही एक गोष्ट तर बोललोच नाही. आता लिहितो.

नव्वदीची सुरुवात होती. नवीन पनवेलात तेव्हा इमारती भरपूर आणि माणसं कमी होती. माझे वडील सरकारी कचेरीत, घर दुसऱ्या मजल्यावर, खाली अजून रस्ताही झाला नव्हता. आम्ही चौघे कॉलेजात एकत्र आलो. गिटारवाला हेडमास्तरांचा मुलगा. गाणारा जवळच्या विचुंबे गावचा, त्याच्या बापाने जमीन विकून नवं दुमजली घर बांधलेलं. ढोलवाला शेजारच्याच पाड्यातला, लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवायचा, म्हणजे आमच्यात खरं वाजवता येणारा तो एकटाच. आणि मी. माझ्याकडे आखाती देशातून काकांनी आणलेला डबल कॅसेटवाला डेक होता, त्यामुळे मला बँडमध्ये घेतलं. मग हातात काहीतरी असावं म्हणून जाड तारांची गिटार दिली.

आम्ही हेवी रॉक वाजवायचो. गाणी इंग्रजीत, शब्दकोश घेऊन लिहिलेली. विषय मरण, विनाश आणि काळोख. चौघांपैकी कुणाच्या घरी तोवर कुणी मेलं नव्हतं, आणि काळोखाचा अनुभव वीज जायची तेवढाच. गिटारवाल्याने रेडिओच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला होता, त्यातून फाटका आवाज यायचा, आम्हाला तोच पाहिजे होता. मोठा ढोल बेंजो पार्टीचा उसना. त्यावर पार्टीचं नाव आणि 'लग्न, हळद, साखरपुडा' असं लाल रंगात लिहिलेलं, म्हणून आम्ही ती बाजू भिंतीकडे करून ठेवायचो.

सराव गाणाऱ्याच्या घरी, वरच्या हॉलमध्ये. हॉल नवा, चकचकीत लाद्यांचा आणि पूर्ण रिकामा. पंखा लागायचा होता, त्याच्या हुकाला आम्ही माइक टांगला. एकच माइक. ज्याचा आवाज कमी तो माइकखाली आणि ज्याचा जास्त तो लांब, असं आमचं रेकॉर्डिंगचं शास्त्र. म्हणून ढोलवाला बाथरूममध्ये बसायचा.

त्या घराच्या मागच्या जुन्या भागात गाणाऱ्याची आत्या राहायची. विधवा, एकटी, तोंडाने फटकळ, आणि धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगरी लग्नात हळद लागते ती धवलारीण धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते तेव्हा. पूर्वी भटजीही नसायचे, धवलारीणच लग्न लावायची, असं तिथले म्हातारे सांगायचे. ती मांडवात उभी राहिली नाही तर हळद लागली असं कुणी मानायचं नाही. बेंजो असो, लाउडस्पीकर असो, ती सगळी नंतरची गंमत. आत्याचा आवाज त्या सगळ्या पाड्यांत नावाजलेला, माइकशिवाय शेवटच्या घरापर्यंत जाणारा. तिचा एक नेम होता. ज्या घरात गायलं त्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. हुंडा कोणी मागितला, रुसलं कोण, जेवण कुठे कमी पडलं, सगळं ती बघायची आणि गिळायची. म्हणून तर घराघरांत तिला आतपर्यंत घेत.

तर पाचवं गाणं. जगाच्या अंताचं होतं. मधोमध सगळी वाद्यं थांबायची आणि गाणाऱ्याने डरकाळी फोडायची, असं ठरलेलं. तो फोडायचा. शेळीला शॉक बसल्यावर काय निघेल, तसं काहीतरी निघायचं. त्याने मिठाच्या गुळण्या केल्या, कच्ची अंडी खाल्ली, शेवटी घसा बसला आणि शेळीही गेली.

एका सकाळी आमचं तेच चाललं होतं. दार उघडलं आणि आत्या उभी. ती शेजारच्या गावच्या मोठ्या घरातल्या थोरल्या मुलाचं लग्न लावून, रात्रभर गाऊन नुकतीच परत आली होती. झोपायला म्हणून आडवी झाली आणि वर आमचा जगाचा अंत सुरू झाला. ती जे बोलली ते मला पाठ आहे, का ते पुढे कळेल.

"अरे मेल्यांनो, रातभर गायली मी तिकरं, गला फाटला माजा. नि त्या बायनी मना काय दिला? गार चा. वर साय धरलेला गार चा. गल्यात हार बगा तिचा केवरा, नि देताना हात बगा. आता घरी आयली त तुमचा ह्यो भुकंप. बंद करा."

नेम मोडलेला तिच्याही लक्षात आला असावा, कारण ती एकदम थांबली आणि म्हणाली, हे इथंच ऱ्हाऊ द्या. आम्ही मान हलवली. ढोलवाला बाथरूममधून बाहेर आला, "चुकलो आत्या" म्हणाला आणि मुकाट्याने ढोल आवरायला लागला. तिचा त्याच्यावर विशेष जीव होता. हळदीत तिच्या मागे तोच हलक्या हाताने ठेका धरायचा. "तुज्या हलदीला मी फुकट गाईन, पन आता वाजवू नको," असं म्हणून ती खाली गेली.

डेक मात्र चालूच राहिला होता.

घरी आल्यावर मी ते ऐकलं, आणि हसून हसून पोट दुखलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. पण त्या आठवड्यात ढोलवाल्याचा सेलवर चालणारा छोटा रेकॉर्डर माझ्याकडे होता. तो घेऊन ढोलवाला हळदीहळदीत फिरायचा, नवे ठेके टिपायला. त्यातले सेल उतरलेले होते. सहज म्हणून मी आत्याची कॅसेट त्यात घातली. सेल उतरले की फिरकी मंद होते आणि आवाज जाड होत जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आत्याचा आवाज जाड झाल्यावर काय होतं, हे त्या दिवसापर्यंत जगात कुणाला माहीत नव्हतं. शब्द कळेनात. एक प्रचंड, ओला, जमिनीखालून येणारा आवाज. मी खोलीचं दार लावून घेतलं. मग तो आवाज डेकवर उतरवला आणि पाचव्या गाण्याच्या मधोमध बसवला.

बाकीच्यांना सांगितलं, ही गाणाऱ्याचीच डरकाळी आहे, मी थोडी जाड केली. गिटारवाला बघतच राहिला. गाणाऱ्याने डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाला, "मला माहीत होतं, हे माझ्यात हाय." त्याला खरं सांगायला जीभ उचलली नाही. शिवाय मला मजा येत होती. ते गुपित एकट्याचं असण्यातली मजा मी आयुष्यात परत तशी अनुभवली नाही.

मग कॅसेटवर घालायचा कागद. गिटारवाल्याने काळ्या पार्श्वभूमीवर कवटी काढली आणि आम्ही ती पनवेलच्या बाजारातल्या छापखान्यात नेऊन दिली. ते गृहस्थ लग्नपत्रिका छापायचे. लग्नसराई तोंडावर, त्यांच्या मशीनवर पिवळी आणि लाल शाई चढवलेली, काळी लावायला वेळ नाही. शिवाय वर श्री आणि गणपती टाकल्याशिवाय त्यांच्या छापखान्यातून कागद बाहेर पडत नसे, दुकानाच्या बिलबुकासाठी नाही आणि आमच्यासाठी नाही. कवटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं म्हणे. अशुभ नको, पोरं लहान आहेत, असं म्हणून त्यांनी तिला वर शेंडी काढली, खाली कलश काढला आणि बाजूला आंब्याची पानं. आम्ही घ्यायला गेलो तेव्हा गठ्ठा बांधून तयार होता. पिवळ्या कागदावर गणपती, त्याखाली नारळ. नारळाला नीट बघितलं तर दात होते.

गिटारवाला रस्त्यावरच बसला. पण दुसऱ्यांदा छापणं परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही तोच कागद घातला आणि एसटी स्टँडजवळच्या कॅसेटवाल्याकडे प्रती ठेवल्या. त्याने वरचा गणपती आणि कलश बघितला आणि सगळा गठ्ठा हळदीच्या गाण्यांच्या फळीवर लावला. त्यात त्याचं काय चुकलं?

वैशाखात त्या मोठ्या घरातल्या धाकट्या मुलाची हळद होती. गाणाऱ्याचं नातं लागत होतं, म्हणून आम्हीही गेलो. ढोलवाला नव्हता, त्याला त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावची सुपारी होती. मांडवात आत्या पाटाजवळ बसलेली, नवरदेव हळदीची वाट बघत, आणि लाउडस्पीकरवाल्याने माडावर बांधलेल्या भोंग्यांतून गाणी लावलेली. वीज गेली होती, सगळं जनरेटरवर. त्याच्या जनरेटरवर प्लेअर पळायचा. सगळ्या गायिका चिमण्यांसारख्या गायच्या, लोकांना त्याची सवय होती.

त्याने नवी कॅसेट घातली आणि भोंग्यातून आमचं पहिलं गाणं आलं.

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो. आमचं ते जड, दगडासारखं संथ संगीत जनरेटरवर असं काही धावत होतं की पोरं नाचायला लागली. मग मोठी माणसं. विनाशाच्या गाण्यावर नवरदेवाचे मामा गुडघ्यावर बसून नाचले. गाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. गिटारवाला म्हणाला, शेवटी लोकांना कळलं. मीही हुरळलो होतो. चौथं गाणं संपत आलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्लेअर पळतोय. म्हणजे जाड आवाज बारीक होणार. म्हणजे आत्या परत आत्या होणार.

मी लाउडस्पीकरवाल्याकडे पळालो आणि कॅसेट काढा म्हणालो. तो जेवत होता. त्याने मला भाताच्या हाताने थोपवलं. "पब्लिक नाचताय ना? मग?"

वाद्यं थांबली. नाचणारे एक पाय वर करून थांबले. आणि माडावरून, चारी दिशांना, स्वच्छ, ओळखीचा आवाज आला. रातभर गायली मी तिकरं. गार चा. वर साय धरलेला. हार बगा, हात बगा. सगळं.

जिच्याबद्दल ते होतं ती बाई, नवरदेवाची आई, हळदीचं ताट घेऊन मध्येच उभी होती. गळ्यात तोच हार. तिने ताट खाली ठेवलं आणि आत्याला विचारलं, "ह्यो तुमचाच आवाज ना?"

"माजाच."

"नि चा गार व्हता?"

आत्याने पदर सारखा केला. एवढ्या वर्षांचा नेम तर मोडलाच होता, आता खोटं बोलून काय मिळणार, असा काहीतरी हिशेब झाला असावा. "व्हता," ती म्हणाली.

आधी एक म्हातारा हसला. मग बायका पदर तोंडाला लावून. मग हार घातलेली बाईही, कारण आता न हसणं जास्त महाग पडलं असतं. आत्या उठली, गळा साफ केला आणि असे धवळे गायली की मांडव गार चहा विसरून गेला. तिची जागा तिने स्वतःच्या जिवावर राखली. यात माझं श्रेय काही नाही.

पण गाणं संपल्यावर ती थेट आमच्याकडे आली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. ज्या दारात आपल्याला आतपर्यंत घेत होते तिथे आता बायका आपल्यासमोर बोलायच्या थांबतील, असं ती हळू आवाजात म्हणाली. मग विचारलं, "कुनी केलान?"

गाणारा अजून माडावरच्या भोंग्यांकडेच बघत होता. त्याची तर आताच डरकाळी गेली होती. गिटारवाला माझ्याकडे बघायला लागला, यंत्रांचं खातं माझं म्हणून. आणि मी म्हणालो, "सेलवाला रेकॉर्डर त्याचा आहे."

त्याचा म्हणजे ढोलवाल्याचा. वाक्य खरं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. हळदीत तिच्यासमोर रेकॉर्डर धरणारा तोच, हे तिने शंभरदा बघितलं होतं. तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओघळून गेलं. मी आणखी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबलं असतं. मी जिलबी खात होतो.

पुढच्या वर्षी ढोलवाल्याचं लग्न ठरलं. तोवर बँड संपला होता. गिटारवाला पुण्याला शिकायला, गाणारा बापाबरोबर विटा आणि रेतीच्या धंद्यात. ढोलवाल्याची आई आत्याला बोलवायला गेली. आत्या म्हणाली, नाय. आई पुन्हा गेली, या वेळी जाऊबाईंना घेऊन. आत्या म्हणाली, तुज्या पोरानं मना चोरून टिपला, माडावरून गावाला आयकवला, मी त्याच्या मांडवात उभी ऱ्हानार नाय. आईने घरी येऊन मुलाला जाब विचारला. तो म्हणाला, मी नाही केलं. पण मग कोणी केलं, हे तो सांगेना, आणि आईला ते कबुलीसारखंच वाटलं. दुसरी धवलारीण ओवे गावात होती, तिला आधीच दुसरीकडे बोलावणं.

मी त्या हळदीला होतो. मांडव भरलेला, हळद वाटून तयार, आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसतायत, तू सुरू कर, तू. शेवटी त्याची आई स्वतः उभी राहिली. पहिली ओळ आली. दुसरी आली नाही. तिने पुन्हा पहिली घेतली, पुन्हा तिथेच अडकली. बायका खाली बघायला लागल्या. कुणीतरी बेंजोवाल्यांना खूण केली आणि त्यांनी एकदम जोरात वाजवायला घेतलं. तशीच हळद लागली. ती लागली असं त्याच्या आईने कधी मानलं नाही.

मी हळद लावायला वाकलो तेव्हा ढोलवाल्याने माझा हात धरला. वाजत होतं, म्हणून कानाशी येऊन बोलला, "त्या आठवड्यात माजा रेकॉर्डर तुज्याकरं व्हता ना?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्याने हात सोडला. "बरा लाव, कानामागं पन," म्हणाला. मी कानामागे पण लावली.

त्यानंतर मी नोकरीसाठी मुंबईला गेलो आणि पनवेलला येणं फक्त लग्नांपुरतं झालं. तेही टाळता आलं तर टाळलं. आत्या काही वर्षांपूर्वी गेली, तोच राग मनात घेऊन. तिला सांगायला माझ्याजवळ वेळ भरपूर होता आणि तो सगळा मी वापरून टाकला.

या वर्षी ढोलवाल्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. तो आता रोडपालीला राहतो, सहाव्या मजल्यावर, आई त्याच्याजवळच. लग्नाआधीच मी गेलो आणि दारातच, चपला काढायच्या आत, सगळं सांगून टाकलं. बसलो असतो तर जमलं नसतं.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "रेकॉर्डर कुठे होता ते मला तेव्हाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." मग आतल्या खोलीकडे बोट केलं. "मला काय सांगतो? तिला सांग."

म्हातारी खिडकीजवळ पलंगावर बसली होती. मी उभ्यानेच परत सगळं सांगितलं, उतरलेल्या सेलपासून कानामागच्या हळदीपर्यंत. शेवटी तिने एवढंच विचारलं, "मी दोनदा गेली तिच्या दारात. तवा तू कुटं व्हतास?"

"इथेच होतो."

"नि हलदीला जेवलास?"

"जेवलो."

तिने मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तीस वर्षांचा हिशेब होता, एका नजरेत बसेना. तो मोबाइल काढून उगाच काहीतरी बघायला लागला. मग ती माझ्याकडे वळली आणि बाजूची खुर्ची दाखवली. त्या हळदीनंतर तिने सगळे धवळे शिकून घेतले होते, म्हणाली, परत कुणाच्या दारात जायला नको म्हणून. पण आता दम पुरत नाही. सुना-नातींना लाज वाटते. आणि धवलारीण शोधून मिळत नाही.

"तर नातवाच्या हलदीला तू गायाचास."

मी म्हणालो, काकू, मला गाता येत नाही, मला नीट बोलताही येत नाही. शिवाय हे बायकांनी गायचं असतं, आणि मला तुमची भाषा येत नाही.

"त्या कॅसेटीतली इंग्लिश मना कुटं येत व्हती," ती म्हणाली. "तरी आयकली. बस."

दारात ढोलवाला उभा होता, गाल आतून चावत. मी बसलो. म्हातारीने श्वास गोळा करून पहिली ओळ म्हटली, मी ती तिच्यामागून म्हटली. तिने दुसरी म्हटली. मी दुसरीही म्हटली.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "मांडवाच्या मागल्या बायकांना नाय आयकू आला."